वृक्षतोडीच्या परवानगीचा पूर्वेतिहास

[१] विषयाचें स्वरूप

झाड तोडण्यास परवानगी लागते ही गोष्ट आज महाराष्ट्रांत कोणाही शेतकऱ्यास नव्यानें सांगावी लागत नाहीं. बांधावरचा साग असो, परड्यांतील फणस असो कीं डोंगरउतारावरचा ऐन असो, त्यावर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं अर्ज, सातबाराचा उतारा, पंचनामा, मोजणी आणि वाहतुकीचा पास हीं प्रकरणें उभीं राहतात. ही सर्व व्यवस्था इंग्रजी अंमलांत निर्माण झाली व तत्पूर्वीं जो तो आपल्या मर्जीप्रमाणें झाडें तोडीत असे, असा एक समज आहे. याच्या उलट, शिवकालीं वृक्षरक्षणाचा परिपूर्ण कायदाच होता व तो परकीयांनीं मोडला, असा दुसरा समज आहे. कागद पाहतां हे दोन्ही समज अपुरे ठरतात. परवानगी पूर्वींही होती. परंतु ती मागावयाची कोणीं, द्यावयाची कोणीं, आणि तोडलेल्या झाडाचें मूल्य कोणाच्या पदरांत पडावयाचें, या तीन बाबतींत पूर्वींच्या व नंतरच्या व्यवस्थेंत मोठा पालट झाला. तो पालट केव्हां व कसा घडला हें क्रमानें दाखविणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

[२] आज्ञापत्रांतील व्यवस्था

या विषयावरील मराठी साधनांत अग्रमान अर्थातच आज्ञापत्रास द्यावा लागतो. इ. स. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरचे संभाजी छत्रपति यांच्या कारकीर्दींत, रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या या ग्रंथांत आरमाराच्या प्रकरणीं लाकडाचा विचार आला आहे. त्याचा मतलब असा : आरमारास फळ्या, सोट, डोलकाठ्या वगैरे थोर लाकूड लागतें. त्यापैकीं राज्यांतील अरण्यांत सागादि वृक्ष आहेत, त्यांतील सोयीचे असतील ते हुजुरास लिहून, हुजूरच्या परवानगीनें तोडावे. याहून अधिक लागेल तें परमुलखांतून खरेदी करावें. राज्यांतील आंबे, फणस हींही झाडें आरमाराच्या उपयोगाचीं आहेत. पण त्यांस हात लावूं नये. हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. तीं तोडल्यास त्यांच्या दु:खास पारावार राहत नाहीं, आणि एकास दु:ख देऊन केलेलें कार्य करणारासह लयास जातें. एखादें झाड फारच जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर त्याच्या धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये.

हा मजकूर अलीकडे शिवछत्रपतींचें पत्र म्हणून ठिकठिकाणीं छापला जातो व भिंतींवरही लिहिला जातो. तो शिवछत्रपतींच्या पत्रांतील नव्हे, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. अमात्य हे इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं अष्टप्रधानांत असलेले पुरुष; थोरल्या महाराजांची राजनीति त्यांनीं जवळून पाहिली होती, आणि आज्ञापत्रांत तीच नीति सांगितली आहे असें मानण्यास आधार आहे. तथापि मूळ पत्र व चाळीस वर्षांनीं लिहिलेला नीतिग्रंथ यांची प्रमाणता सारखी नसते. शिवाय हा ग्रंथ कसें वागावें हें सांगतो. सर्वत्र तसेंच वर्तन होत असे, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. किंबहुना, जी गोष्ट मुळींच घडत नाहीं तिची मनाई कोणी लिहीत नाहीं. आरमाराच्या कामगारांकडून रयतेच्या आंब्या-फणसांवर कुऱ्हाड पडत असलीच पाहिजे, म्हणूनच अमात्यांस एवढ्या आग्रहानें लिहावें लागलें.

एवढी मर्यादा लक्षांत घेऊनही या मजकुराचें महत्त्व कमी होत नाहीं. पहिली गोष्ट ही, कीं आज्ञा रयतेस नसून सरकारच्या कामगारांस आहे; कुऱ्हाड राज्याच्या हातीं आहे आणि तिला आवर घालावयाचा आहे. दुसरी गोष्ट, अरण्यांतील झाड व रयतेनें लावलेलें झाड यांत स्पष्ट भेद केला आहे. पहिल्यासाठीं हुजूरची परवानगी, दुसऱ्यासाठीं धन्याचा संतोष. तिसरी गोष्ट, झाड जीर्ण असल्याची अट पुरी झाली तरी किंमत चुकत नाहीं. ती धन्याच्या पदरांत पडते. सारांश, परवानगी मागणारें राज्य, परवानगी देणारा झाडाचा धनी, आणि मूल्य घेणाराही तोच, अशी ही व्यवस्था आहे.

याच ग्रंथांत दुर्गांच्या प्रकरणीं वेगळा नियम आढळतो. गडावर असलेलीं झाडें राखावीं, आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ आदि नवीं लावावीं, व अडचणीच्या प्रसंगावांचून त्यांतील काठीही तोडूं देऊं नये, असा त्याचा आशय आहे. गडाच्या वाटांवरील झाडीही राखावयाची, कारण ती शत्रूच्या वाटेंत अडचण उत्पन्न करते. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर हें संरक्षित क्षेत्रच होय. येथें मात्र संतोष-असंतोषाचा प्रश्न नाहीं. राज्याचें हित हें एकच कारण आहे.

[३] सनदा व देवरायांची साक्ष

यावरून झाडावरील हक्क हा जमिनीवरील हक्काहून निराळा धरला जात असे काय, असा प्रश्न निघतो. त्याचें उत्तर इनामी सनदांच्या मायन्यांत मिळतें. गांव इनाम देतांना जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप हीं निरनिराळीं नांवें घेऊन तीं दिल्याचा उल्लेख असतो. जमीन दिली म्हणजे झाड त्याबरोबर गेलेंच, असें गृहीत असतें तर तरु व काष्ठ यांचा स्वतंत्र उच्चार करण्याचें प्रयोजन नव्हतें. तात्पर्य, झाडावर राज्याचा कांहीं दावा पूर्वींही होता व तो देणगीनें सोडतां येत असे. पूर्वीं सर्व झाडें निर्विवाद रयतेचींच होतीं, हें म्हणणें या मायन्यापुढें टिकत नाहीं.

तिसरी सत्ता देवाची. कोंकणांत व घाटमाथ्यावर देवरायांतील झाडावर ना राजाची मालकी चाले ना खोताची. तेथील वाळलेली फांदीही घरीं नेऊं नये, असा कित्येक ठिकाणीं नेम असे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठीं किंवा गांवाच्या निकडीच्या कामासाठीं झाड लागलें, तर गुरवामार्फत देवास कौल लावावयाचा आणि उजवा कौल मिळाल्यासच तोडावयाचें, अशी रीत होती. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम घाटांतील अशा रायांची पाहणी करून त्या प्रसिद्धीस आणिल्या. कौल ही श्रद्धेची बाब खरी. परंतु तीस व्यवहाराचीही एक बाजू आहे. कौल लावण्यासाठीं गांव जमावा लागे, निकड सर्वांसमक्ष सांगावी लागे, आणि नकार मिळाल्यास तो सर्वांसमक्षच मिळे. एकट्यानें गुपचूप घेतलेली परवानगी येथें संभवत नव्हती.

[४] कंपनी सरकार व साग

या व्यवस्थेंत पालट झाला तो प्रथम सागामुळें. इंग्लंडांत लढाऊ जहाजांस लागणाऱ्या ओकाचा तुटवडा पडूं लागल्यावर कंपनीच्या डायरेक्टरांची दृष्टि मलबारच्या सागाकडे वळली. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागीर सागाचीं उत्तम जहाजें बांधीत; इ. स. १८१७ सालीं तेथें पाण्यांत उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडांत जतन करून ठेविलेलें आहे. या गोदीस लाकूड पुरविण्यासाठीं १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन नांवाच्या अधिकाऱ्याची मलबारांत कॉन्झर्वेटर म्हणून नेमणूक झाली. पुढील सालीं, म्हणजे १८०७ त, सागावर कंपनीचा सार्वभौम हक्क असल्याचा जाहीरनामा निघाला आणि खाजगी रानांच्या धन्यांसही आपल्या रानांतील साग तोडण्याची मनाई झाली.

आज्ञापत्र व हा जाहीरनामा यांत केवळ ब्याण्णव वर्षांचें अंतर आहे आणि दोहोंचा विषयही एकच, म्हणजे आरमाराचें लाकूड. परंतु तेथें राज्यानें धन्याची परवानगी घ्यावयाची होती. येथें धन्यानें राज्याची घ्यावयाची. परवानगीची दिशाच उलटली. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. रानांचे धनी, लाकडाचे व्यापारी व जळण नेणारे सामान्य लोक असे सर्वच असंतुष्ट झाले, आणि मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांच्या सल्ल्यानें १८२३ च्या सुमारास हें पद मोडून टाकण्यांत आलें. रानें पुनश्च धन्यांच्या हातीं गेलीं. मात्र पुढें जें घडलें तेंही सांगितलें पाहिजे : मागणी चढती होती, व्यापारी पुढें पैसा टाकीत होते, आणि थोड्याच वर्षांत मलबारचीं सागाचीं रानें इतकीं विरळ झालीं कीं १८४० नंतर कलेक्टर कॉनॉली यांस निलांबूर येथें सागाची नवी लागवड हातीं घ्यावी लागली. नुसत्या मनाईनें रयत बिथरली व नुसत्या मोकळिकीनें रान गेलें, हे दोन्ही धडे मलबारनें एका पिढींत दिले.

मुंबई इलाख्यांत या कामाची सुरवात पुण्याजवळच झाली. दापोडी येथील सरकारी बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस १८४७ सालीं इलाख्याचे वनसंरक्षक नेमण्यांत आलें. गिब्सन हे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनीं जहाजाच्या लाकडाबरोबरच आणखी एक कारण पुढें मांडलें. डोंगर उघडे पडले म्हणजे झरे आटतात, ओढे गाळानें भरतात व शेतीचें नुकसान होतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. आज जें कारण वनरक्षणाचें मुख्य कारण म्हणून सांगितलें जातें तें या प्रांतीं सरकारदप्तरीं येऊन पावणेदोनशें वर्षें होत आलीं.

[५] राखीव रान व शेतांतील राखीव झाड

इ. स. १८५३ त मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली आणि रुळांखालील स्लिपरांसाठीं लाकडाची मागणी एकाएकीं वाढली. १८६४ सालीं हिंदुस्थान सरकारचें जंगलखातें डिट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखालीं उभें राहिलें. १८६५ सालीं पहिला जंगल कायदा झाला व १८७८ सालीं दुसरा. या दुसऱ्या कायद्यानें रानाचे राखीव, संरक्षित व ग्राम असे तीन वर्ग केले. पहिल्या दोहोंतील फरक थोडक्यांत असा सांगतां येईल कीं, राखीव रानांत जें स्पष्टपणें दिलें नाहीं तें सर्व मना. संरक्षित रानांत जें स्पष्टपणें मना केलें नाहीं तें सर्व मोकळें. १९२७ च्या कायद्यानेंही हीच रचना कायम ठेविली. तिसरा वर्ग, ग्रामवनांचा, कायद्यांत राहिला. व्यवहारांत त्याचा उपयोग फारच थोडा झाला.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें अधिक जाचक गोष्ट रानांत नसून त्याच्या शेतांतच होती. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्याच्या ४० व्या कलमानें, ज्या गांवांची मूळ पाहणी व जमाबंदी पुरी झाली होती तेथील बिनदुमाला जमिनींतील झाडांवरचा सरकारचा हक्क खातेदारास सोडून दिला. परंतु सरकारनें राखून ठेविलेलीं झाडें त्यांतून वगळलीं. साग, शिसवी व चंदन यांसारखीं किमती झाडें हीं अशीं राखून ठेविलेलीं असत. म्हणजे जमीन खातेदाराची, सारा त्याचा, राखण त्याची. त्यांत आपोआप उगवलेला साग मात्र सरकारचा. अशा स्थितींत सागाचें रोप दिसतांच तें नांगरून टाकणें हेंच शहाणपणाचें ठरतें. राखण्याच्या हेतूनें केलेला नियम रोपाच्या मुळावर येतो तो असा.

ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष चिघळला, कारण तेथील भातशेती राबावर अवलंबून होती. झाडांच्या फांद्या व पाला तोडून, वाळवून, रोपांच्या जागेवर जाळावयाचा आणि त्या भाजलेल्या जमिनींत भात पेरावयाचें, ही तेथील पद्धति. यासाठीं खाचरांबरोबर वरकस जमिनी असत व त्यांवरील झाडांच्या फांद्या दरसाल छाटल्या जात. जंगलखात्याच्या दृष्टीनें ही छाटणी म्हणजे झाडाचा नाश. कुणब्याच्या दृष्टीनें तीवांचून भाताचें रोप नाहीं. या दोन दृष्टींची गांठ पडेना, तेव्हां १८८५ सालीं सरकारनें मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमिलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला आणि राब, जळण व चराई यांविषयींचीं गाऱ्हाणीं सरकारी कागदांत कायमचीं नोंदलीं गेलीं. तत्पूर्वींच, १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत जोतीराव फुले यांनीं जंगलखात्यानें डोंगर, दऱ्या व गायरानें आपल्या घशांत घातल्यामुळें गरीब शेतकऱ्याचीं शेरडेंगुरें निराधार झालीं, अशी कडक तक्रार केली होती.

या असंतोषाचा स्फोट १९३० सालीं झाला. समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या वऱ्हाडांत व देशावर मिठाचा सत्याग्रह करण्यास सोय नव्हती. तेथें जंगल सत्याग्रह झाले. पुसद येथें जुलै महिन्यांत बापूजी अणे यांनीं राखीव रानांतील गवत कापून कायदा मोडला. सातारा भागांतील बिळाशी गांवीं सागाचें झाड तोडून त्याचा ध्वजस्तंभ उभारण्यांत आला. कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं गोळीबार होऊन माणसें मृत्यु पावलीं. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं सत्याग्रहासाठीं लोकांनीं निवडलेलीं कृत्यें अगदीं लहान होतीं : एक पेंढी गवत, एक झाड. ज्या गोष्टीसाठीं परवानगी मागावी लागणें हाच लोकांस अपमान वाटत होता, नेमकी तीच त्यांनीं परवानगीवांचून केली.

[६] स्वराज्यांतील अधिनियम

स्वराज्य आल्यावर ही रचना मोडली नाहीं, विस्तारली. महाराष्ट्र राज्यानें झाडें तोडण्याच्या विनियमनाचा अधिनियम १९६४ सालीं केला. त्याच्या अनुसूचींत साग, हिरडा, मोह, चिंच, खैर, चंदन, ऐन, किंजळ, जांभूळ यांबरोबर आंबा व फणस हींही आहेत. ज्या दोन झाडांची अमात्यांनीं आरमाराच्या कुऱ्हाडीपासून राखण केली होती, त्यांसाठीं आतां धन्यानेंच वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा. पुढें १९६६ च्या जमीनमहसूल संहितेच्या २५ व्या कलमानें भोगवट्याच्या जमिनींतील सर्व झाडांवरील हक्क धारकाचा असल्याचें मान्य केलें. म्हणजे मालकीचा जुना वाद बव्हंशीं मिटला; झाड खातेदाराचें झालें. तोडण्याची मोकळीक मात्र मालकीबरोबर आली नाहीं. मालकी व मोकळीक या दोन गोष्टी कायद्यानें अलग केल्या, हें या काळाचें वैशिष्ट्य होय.

मूल्याचा प्रश्नही याच काळांत पुढें आला. आदिवासी खातेदारांचीं मालकी झाडें ठेकेदार नाममात्र किमतीस घेत. त्यास पायबंद घालण्यासाठीं १९६९ सालीं अनुसूचित जमातींच्या भोगवटादारांच्या वृक्षविक्रीचा स्वतंत्र अधिनियम झाला. सरकारी यंत्रणेमार्फत विक्री होऊन किंमत खातेदारास मिळावी, अशी त्यांतील योजना आहे. हेतु निर्विवाद चांगला. परंतु मोजणी, शिक्का, तोड, वाहतूक, लिलाव व हिशेब इतक्या पायऱ्या चढून पैसा हातीं येईपर्यंत ज्याची निकड दारीं उभी आहे त्यानें काय करावें, याचें उत्तर कायद्याच्या शब्दांत सांपडत नाहीं.

खाजगी जमिनीवरील संरक्षणाचें मूळ १९२७ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमांत आहे. पूर, दरडी, मातीची धूप, पाण्याचे झरे, रस्ते इत्यादींच्या रक्षणासाठीं खाजगी रानांतही तोड, चराई व नांगरट यांस मनाई करण्याचा अधिकार सरकारास त्यानें दिला. मुंबई राज्यांत या कलमाखालीं १९५० नंतरच्या दशकांत पुष्कळ नोटिसा निघाल्या. पुढें महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम होऊन ३० ऑगस्ट १९७५ रोजीं खाजगी वनें राज्याकडे निहित झालीं. ज्यांवर पूर्वीं केवळ नोटीस निघाली होती त्या जमिनींचें काय, हा वाद कित्येक वर्षें राहिला. नोटीस निघाली, पण धन्यास पोंचली कीं नाहीं, त्याचें म्हणणें ऐकिलें कीं नाहीं, याचा कागद सांपडेना. आणि दरम्यान त्या जमिनींवर घरें झालीं, व्यवहार झाले. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोदरेज अँड बॉइस यांच्या प्रकरणांत निर्णय दिला कीं, नोटीस नुसती काढणें पुरेसें नाहीं. ती बजावली गेली पाहिजे व धन्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि मिळाली पाहिजे. दप्तर पाहणाऱ्या संशोधकास या निकालाचें विशेष अगत्य वाटेल, कारण संबंध प्रकरण एका कागदाच्या पोंचीवर उभें होतें.

मध्यवर्ती सरकारचा प्रवेश यानंतरचा. वनें हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीनें, १९७६ सालीं, समवर्ती सूचींत गेला. १९८० च्या वनसंरक्षण अधिनियमानें वनभूमि वनेतर कामास लावण्यापूर्वीं केंद्राची संमति आवश्यक केली. २०२३ च्या दुरुस्तीनें त्या अधिनियमाचें नांव बदललें व लागू असण्याच्या मर्यादाही बदलल्या. १९९५ सालीं निलांबूर घराण्यांतील गोदावर्मन तिरुमुलपाड यांनीं निलगिरींतील गुडलूर भागाच्या वृक्षतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यावर १२ डिसेंबर १९९६ रोजीं न्यायालयानें असें ठरविलें कीं, वन या शब्दाचा कोशांतील अर्थ घ्यावा, मालकी कोणाचीही असो. आणि मंजूर कार्ययोजनेवांचून वनांतील तोड थांबवावी. ज्या निलांबुरास कॉनॉलीनें साग लाविला, त्याच निलांबूरच्या घराण्यांतून दीडशें वर्षांनीं हा अर्ज निघावा, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

शहरांपुरता निराळा अधिनियम १९७५ सालीं झाला. त्यानें नगरपालिकांत वृक्ष प्राधिकरणें स्थापन केलीं, तोडीची जाहीर सूचना देऊन हरकती ऐकण्याची रीत घातली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडांस वारसावृक्ष म्हणून विशेष स्थान दिलें. धनी व सरकार यांखेरीज तिसऱ्यासही, म्हणजे वाटसरू नागरिकासही, झाडाविषयीं बोलण्याचा अधिकार आहे, हें तत्त्व यांत प्रथमच आलें. या अधिकाराची मर्यादा मुंबईच्या आरे येथें दिसून आली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें हरकतींचे अर्ज फेटाळले व त्याच रात्रीं तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली, तोंवर दोन हजारांवर झाडें पडलीं होतीं. इतर वादांत निकाल फिरला तर वस्तु परत देववितां येते. झाडाच्या वादांत तसें होत नाहीं.

[७] ग्रामसभेकडे आलेला अधिकार

इतक्या प्रदीर्घ काळांत गांव मात्र परवानगी देणारा राहिला नव्हता. तें स्थान त्यास २००६ च्या वनहक्क अधिनियमानें कांहीं अंशीं परत मिळालें. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता अशा गांवोपयोगी कामांसाठीं एक हेक्टराहून कमी वनभूमि देतां येते; परंतु दर हेक्टरीं पंचाहत्तरांहून अधिक झाडें तोडतां येत नाहींत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गांवांस रान राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकारही मिळाला.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) हें अशा गांवांपैकीं अग्रगण्य. २००९ सालीं तेथील ग्रामसभेस सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू गांवाबाहेर नेतां येईना, कारण १९२७ च्या कायद्यांत बांबू हें झाड गणलें होतें व त्याच्या वाहतुकीचा पास वनखात्याच्या हातीं होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं वाहतूक पासाचें पुस्तकच ग्रामसभेच्या हवालीं करण्यांत आलें. पुढें २०१७ सालीं वनाबाहेर वाढलेल्या बांबूपुरती झाडाची व्याख्याही बदलण्यांत आली. तोडीचा हक्क व नेण्याचा पास हे दोन अधिकार निराळे असतात आणि दुसऱ्यावांचून पहिला निरुपयोगी ठरतो, ही गोष्ट या प्रकरणानें उघड झाली. वृक्षतोडीच्या परवानगीचा अभ्यास करणारानें म्हणून केवळ तोडीचे नियम पाहून भागत नाहीं. नाका कोणाच्या ताब्यांत होता हेंही पाहावें लागतें.

[८] निष्कर्ष

येथवर दिलेल्या हकीकतीवरून पुढील अनुमानें काढतां येतात. परवानगीची कल्पना या देशांत परकीय नाहीं. आज्ञापत्र, देवराईचा कौल व सनदांचा मायना या तिन्ही ठिकाणीं ती आहे. १८०७ नंतर नवी झाली ती परवानगीची दिशा. पूर्वीं झाड वाढविणाऱ्याचें मन वळविल्यावांचून सरकारी कुऱ्हाड चालूं नये असा नियम होता. नंतर सरकारचें मन वळविल्यावांचून वाढविणाऱ्याची कुऱ्हाड चालूं नये असा झाला. दोहोंस कारणें होतीं. गिब्सननें पाहिलेले आटते झरे खरे होते, मन्रोनंतर उजाड झालेलें मलबारही खरें होतें. एकेका धन्याच्या मर्जीवर डोंगर सोंपवितां येत नाहीं. उलटपक्षीं, ज्यानें रोप राखावयाचें त्यासच तें ओझें वाटूं लागलें, तर कोणताही पास त्या रोपाचा वृक्ष करूं शकत नाहीं.

अमात्यांच्या नियमांत आजही उपयोगी पडेल असा अंश आहे तो जुन्या राज्याच्या थोरवीचा नव्हे. झाड वर्षां-दोन वर्षांत होत नाहीं, या एका वस्तुस्थितीवरून त्यांनीं नियम काढला : ज्यानें तो काळ घालविला त्याचा संतोष व त्याची किंमत हीं परवानगीचीं अंगें आहेत. सध्यांच्या अर्जांत सर्व्हे नंबर, झाडाची जात, घेर व उंची यांस रकाने असतात. झाड कोणीं लाविलें, कोणीं राखिलें, याचीही नोंद त्यांत राहील तर राखणाऱ्याची व आपोआप मालक झालेल्याची गणना एकाच कोष्टकांत होणार नाहीं, आणि परवानगीचा निर्णय करणारास त्यावरून कांहीं तरी तारतम्य ठेवितां येईल. गांवोगांवच्या दप्तरांत वृक्षतोडीचे जुने अर्ज, कौलाच्या यादी, राबाविषयींचे तंटे व नोटिशींच्या पोंचा पडून आहेत. ते कागद रद्दींत जाण्यापूर्वीं राखणें हें आतां अभ्यासकांकडे आलेलें काम आहे. २०१४ सालच्या निकालानें त्यांची किंमत दाखवून दिलीच आहे.